वाचक विचारतात : अमेरिकेतल्या खेड्यात आजारी पडलं तर?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की अमेरिकेतल्या ग्रामीण काउंट्यांमधली हॉस्पिटलं बंद पडतायत. दोनच ओळी होत्या, पण पत्रं भरपूर आली. आपल्या डोळ्यासमोर अमेरिका म्हटलं की न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्निया येतं, आणि तिथून चार तास आत गेलं की काय असतं ते मुलंही फोनवर फारसं सांगत नाहीत. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्याच विषयाला दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, अमेरिकेसारख्या देशात पैशाअभावी हॉस्पिटल बंद पडतं हे काही पटत नाही बुवा. औषधपाण्यावर एवढा खर्च करतात ना ते लोक? मग पैसा जातो कुठे?

पैसा आहे हो, पण तो पेशंटच्या मागे येतो, आणि खेड्यात पेशंटच कमी. काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय भाग, ढोबळमानाने आपला जिल्हा समजा, फक्त आकाराला काही धरबंध नाही. लॉस एंजेलिस काउंटीत कोटीच्या आसपास माणसं राहतात आणि टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं मोजली गेली. अशा ३१०० च्या वर काउंट्या आहेत आणि बहुतेक ग्रामीण आहेत.

आता इमर्जन्सी चालू ठेवायची तर रात्री दोन वाजता सुद्धा डॉक्टर, नर्स, लॅबवाला, एक्सरेवाला असावेच लागतात, मग पेशंट चाळीस येवोत नाहीतर दोन. शहरात हा खर्च चाळीस जणांच्या बिलात वाटला जातो, खेड्यात दोघांच्या. अग्निशमन दलाला आपण प्रत्येक आगीमागे पैसे देत नाही, आग लागो न लागो बंब तयार पाहिजे म्हणून पगार देतो. हॉस्पिटलला मात्र आगीमागे पैसे द्यायचे असं ठरवलं की खेड्यातलं हॉस्पिटल बुडणारच.

गंमत अशी की ही हॉस्पिटलं सरकारनेच उभी करवली. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने गावोगावी बांधकामाला पैसे दिले. मग १९८३ मध्ये मेडिकेअरने, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याने, पैसे द्यायची पद्धत बदलली, अमुक आजाराला अमुक ठरलेली रक्कम, तुमचा खर्च किती झाला ते तुमचं तुम्ही बघा. लहान हॉस्पिटलं धडाधड बंद पडायला लागली तेव्हा १९९७ मध्ये क्रिटिकल अॅक्सेस हॉस्पिटल नावाचा वेगळा प्रकार काढला. त्याचे आजचे नियम असे, जास्तीत जास्त २५ खाटा, दुसरं हॉस्पिटल साधारण ३५ मैलांच्या आत नको, डोंगराळ भाग असेल तर १५, पेशंटचा मुक्काम सरासरी ९६ तासांच्या आत आणि इमर्जन्सी चोवीस तास उघडी. त्या बदल्यात मेडिकेअर ठरलेल्या रकमेऐवजी झालेला खर्च अधिक एक टक्का देणार. आज अशी तेराशेच्या वर आहेत आणि ती टिकलीत ती याच्यामुळेच. पण मेडिकेअर हा एकच गिऱ्हाईक झाला, खासगी विमा कंपन्या आणि बिनविम्याचे पेशंट यांच्या बाबतीत ही सोय नाही, त्यामुळे २०१० पासून शंभराहून जास्त ग्रामीण हॉस्पिटलांनी एकतर कुलूप लावलं नाहीतर पेशंट भरती करणं थांबवलं.

२०२३ पासून अजून एक प्रकार आलाय, रुरल इमर्जन्सी हॉस्पिटल. खाटा काढून टाका, इमर्जन्सी आणि ओपीडी ठेवा, सरकार दर महिन्याला ठरावीक रक्कम देईल. मला विचाराल तर वाईटातलं बरं. अपघात झालेल्याला त्याचा उपयोग आहे, पण न्यूमोनिया झालेले आजोबा चार दिवसांसाठी साठ मैलांवर जाणार आणि गाडी न चालवता येणाऱ्या आजी घरी बसून फोनची वाट बघणार, तो हिशोब कुठल्याच तक्त्यात येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावात असतात, तिला सातवा महिना लागलाय. गावातल्या हॉस्पिटलने बाळंतपणाचा विभाग बंद केला, आता सगळ्यात जवळचं हॉस्पिटल ५५ मैलांवर. ती म्हणते आई काळजी करू नकोस पण मला रात्रीची झोप नाही. काय करावं? – एक आई

काळजी वाटणारच हो, आणि ती अगदीच उगाच आहे असं मी म्हणणार नाही. आधी एवढं सांगते की तुमची मुलगी एकटी नाही, निम्म्याहून जास्त ग्रामीण काउंट्यांमध्ये हॉस्पिटलात बाळंतपणाची सोय राहिलेली नाही. कारण पुन्हा तेच. वर्षाला शंभर-दीडशे बाळंतपणं होणार आणि त्यासाठी लेबर रूमच्या नर्सेस, भूल देणारा आणि सिझेरियन करू शकणारा माणूस चोवीस तास हाताशी पाहिजे. त्यात ग्रामीण भागातल्या जवळपास निम्म्या बाळंतपणांचे पैसे मेडिकेड देतं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, आणि तो खासगी विम्यापेक्षा बराच कमी देतो. त्यामुळे बजेटवर कात्री लावायची वेळ आली की पहिली हीच वॉर्ड जाते.

आता तुमच्या मुलीपुरतं बोलू. तिने पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंना सरळ विचारायचं की मी इतक्या लांब राहते, कळा सुरू झाल्या की मी कधी निघायचं? गावात राहणाऱ्या बाईला जो नियम सांगतात, कळा इतक्या इतक्या मिनिटांनी आल्या की या, तो हिच्या कामाचा नाही, हिला लवकर निघावं लागणार. दुसरं, शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलजवळ कोणाकडे राहता येईल का ते बघायचं, किंवा ३९ आठवडे झाल्यावर तारीख ठरवून कळा आणायच्या का हेही विचारता येतं, लांब राहणाऱ्या बायकांच्या बाबतीत डॉक्टर त्याचा विचार करतात. थंडीचे दिवस असतील तर बर्फात कुठला रस्ता बंद होतो ते जावयांनी आधीच माहीत करून घ्यायचं, आणि त्या रस्त्यावर मोबाईलला रेंज कुठे जाते तेसुद्धा, हे फार कमी जण बघतात.

घरी बीपी मोजायचं यंत्र असू द्या. १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन करायचा, १६०/११० च्या वर गेलं तर फोनाफोनी नाही, थेट इमर्जन्सी. डोकं दुखायचं थांबत नाहीये, डोळ्यापुढे काजवे चमकतायत, दम लागतोय, रक्त जातंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, यातलं काही झालं तर "सकाळपर्यंत बघू" अजिबात करायचं नाही. आणि गावात लेबर रूम नसली तरी इमर्जन्सी असेल तर तिथे जायचं. १९८६ चा एम्टाला नावाचा कायदा आहे, मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या कुठल्याही हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला आलेल्या माणसाला आधी तपासावं लागतं, प्रकृती स्थिर करावी लागते, कळा सुरू असलेल्या बाईचा तर त्यात स्पष्ट उल्लेख आहे. विम्याचं कार्ड नंतर. बिल येतं, ते येतंच, पण दारातून परत पाठवता येत नाही.

आणि खरं तर तुम्ही जाणार असाल तर माझी सगळ्यात जास्त काळजी बाळंतपणानंतरची आहे. तिकडे दोन दिवसांत घरी पाठवतात आणि मग सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. पण अमेरिकेत गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंचा सरकारी समित्यांनी अभ्यास केला तेव्हा निम्म्याहून जास्त मृत्यू बाळंतपण होऊन आठवडा उलटल्यानंतर ते वर्षभराच्या काळातले निघाले, आणि ८० टक्क्यांहून जास्त टाळता आले असते असं त्यांचं मत पडलं. म्हणून तुम्ही तिकडे गेल्यावर डिंकाचे लाडू जरूर करा, पण रोज तिचं बीपीही बघा. एका पायाला सूज येऊन दुखतोय, ताप, खूप रक्तस्राव, किंवा दिवसेंदिवस रडू आवरत नाहीये, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, हे सगळं सांगायच्याच गोष्टी आहेत, "होतं असं पहिलटकरणीला" म्हणून सोडून द्यायच्या नाहीत. आणि इमर्जन्सीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच की "माझं इतक्या आठवड्यांपूर्वी बाळंतपण झालंय", तिथे समोर बसलेल्याला ते दिसत नसतं.

जाता जाता एक सांगते. केंटकीच्या डोंगरात, लेस्ली काउंटीत, १९२५ मध्ये मेरी ब्रेकिनरिज नावाच्या बाईने फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस सुरू केली. सुईणीचं शिक्षण घेतलेल्या नर्सेस घोड्यावर बसून ओढे ओलांडत घरोघरी जायच्या, आणि त्यांच्याकडची मातामृत्यूंची संख्या त्या काळातल्या देशाच्या सरासरीपेक्षा खूपच कमी होती. त्या नर्सेस बाळंतपणाच्या आधीपासून घरी यायच्या आणि नंतरही येत राहायच्या, हे त्यातलं मुख्य. आज रस्ते आहेत, गाड्या आहेत, पण ते घरी येणं मात्र गेलं.

प्रश्न : नमस्कार. मी पब्लिक हेल्थ शिकतोय. काउंट्यांचे आरोग्याचे रँकिंग असतात त्यावर प्रोजेक्ट करायचाय. "हेल्थ आउटकम" म्हणजे नेमकं काय मोजतात, आणि शेवटच्या नंबरची काउंटी म्हणजे तिथले डॉक्टर वाईट असं म्हणता येईल का?

नाही, अजिबात नाही, आणि प्रोजेक्टमध्ये हे वाक्य पहिल्या पानावर टाक.

विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने २०१० पासून जवळपास सगळ्या काउंट्यांचं हे मोजमाप सुरू केलं. आउटकम म्हणजे माणसं किती जगतात आणि जगतात तेव्हा तब्येत कशी असते, एवढंच. ते ज्याच्यावर अवलंबून असतं ते घटक वेगळे मोजतात, आणि कित्येक वर्षं त्यांचं वजन असं होतं, सामाजिक-आर्थिक परिस्थितीला ४० टक्के, सवयींना ३०, दवाखाना-डॉक्टरला २० आणि भोवतालच्या पर्यावरणाला १०. म्हणजे डॉक्टरच्या वाट्याला पाचवा हिस्सा. ही वजनं काही देवाने दिलेली नाहीत, अभ्यासकांनी ठरवलेली आहेत, त्यावर वादही आहेत, पण अंदाज येतो.

आता आयुष्याची लांबी मोजायला ते ७५ वर्षांच्या आत गेलेली वर्षं धरतात. सत्तर वर्षांचे आजोबा गेले की ५ वर्षं गेली. सतरा वर्षांचा पोरगा गेला की ५८ वर्षं. समज दोन हजार वस्तीच्या काउंटीत शनिवारी रात्री तीन पोरांची गाडी झाडावर आदळली, तीन गुणिले ५८, १७४ वर्षं एका रात्रीत गेली, म्हणजे पस्तीस आजोबा गेल्याएवढी. त्या काउंटीतले दवाखाने, डॉक्टर, लोकांच्या सवयी सगळं तसंच आहे आणि आकडा मात्र कोसळला. म्हणून तीन वर्षांची सरासरी घेतात आणि तरीही अगदी लहान काउंट्यांना रँक देतच नसत, २०२४ पासून तर त्यांनी कोणालाच असा नंबर देणं थांबवलंय. तुझ्या प्रोजेक्टमध्ये लोकसंख्या न बघता रँक वापरलास तर परीक्षक तिथेच पकडतील.

दुसरा सापळा स्थलांतराचा. २०१४ सालच्या आकड्यांवरून काउंटीनिहाय आयुर्मान काढलं गेलं तेव्हा कोलोरॅडोतली समिट काउंटी सगळ्यात वर आली, जवळपास ८७ वर्षं, आणि दक्षिण डाकोटातली ओग्लाला लकोटा काउंटी सगळ्यात खाली, ६७ च्या आत. एका देशात वीस वर्षांचा फरक! पण समिट काउंटी म्हणजे स्कीइंगची रिसॉर्ट असलेला डोंगर. पैसेवाले, धडधाकट लोक तिथे राहायला जातात आणि नऊ हजार फुटांवर दम लागायला लागला की म्हातारपणी खाली उतरतात, मग मरण दुसऱ्या काउंटीच्या खात्यात. हवा चांगली म्हणून लोक जास्त जगतात असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचलेत, हसू आलं. ओग्लाला लकोटा मात्र पूर्णपणे पाइन रिज या आदिवासी राखीव प्रदेशात येते. तिथले लोक करार मोडले गेल्यामुळे त्या जमिनीवर ढकलले गेले, आरोग्य सेवा देण्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या इंडियन हेल्थ सर्व्हिसवर, आणि त्या खात्याला गरजेपेक्षा कमी पैसा मिळतो हे सरकारचेच अहवाल सांगतात. त्या वीस वर्षांच्या फरकात थोडी स्थलांतराची भेसळ आहे, पण बरीचशी वर्षं खरोखरच गेलेली आहेत. दोन्ही लिही.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे लोक स्वतःच सिगारेटी ओढणार, नशेच्या गोळ्या खाणार, आणि मग दवाखाना नाही म्हणून रडणार. यात सरकारचा काय दोष?

राग नाही काका, हा प्रश्न तिकडचे लोकही एकमेकांना विचारतात. मी तुम्हाला एका काउंटीची गोष्ट सांगते, मग तुम्हीच ठरवा.

इंडियाना राज्यात ९२ काउंट्या, आणि २०१५ च्या सुमारास स्कॉट काउंटी आरोग्याच्या यादीत तळाला, शेवटची. तिथे ऑस्टिन नावाचं चार हजारांच्या थोडं वर वस्तीचं गाव. वर्षाला एचआयव्हीच्या पाचसुद्धा नवीन केस निघत नसत. २०१४ च्या शेवटी आणि २०१५ च्या सुरुवातीला एकदम निघायला लागल्या आणि बघता बघता दोनशेच्या वर गेल्या. कारण होतं ओपाना नावाची वेदनाशामक गोळी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी, ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची, लोक ती विरघळवून सुईने टोचून घ्यायचे, दिवसातून कितीतरी वेळा, आणि सुई घराघरात फिरायची, आई, मुलगी, शेजारी सगळे एकाच सुईवर.

सवय वाईट होती, मान्य. पण गोळी कुठून आली? १९९६ मध्ये याच जातीचं ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं तेव्हा पर्ड्यू कंपनीच्या माणसांनी डॉक्टरांना सांगितलं की याचं व्यसन फारसं लागत नाही, आणि त्या खोट्या प्रचाराबद्दल कंपनीने २००७ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. खाणीत, लाकडाच्या गिरणीत, कारखान्यात कंबर मोडून काम करणारी माणसं जिथे जास्त तिथे वेदनाशामक गोळ्या जास्त लिहिल्या गेल्या. फिजिओथेरपिस्ट पन्नास मैलांवर आणि गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात, तर माणूस काय घेणार?

आणि दवाखाना असता तर काय फरक पडला असता? त्या काउंटीत एचआयव्हीची मोफत तपासणी करणारं एकच क्लिनिक होतं, ते २०१३ मध्ये बंद झालं होतं. म्हणजे साथ आली तेव्हा ती दिसायला डोळेच नव्हते. स्वच्छ सुया वाटणं तेव्हा राज्यात बेकायदा होतं. गव्हर्नर माइक पेन्स यांचा त्याला तात्त्विक विरोध, पण मार्च २०१५ मध्ये त्यांनाच आणीबाणी जाहीर करून परवानगी द्यावी लागली. एकाच छताखाली सुया, तपासणी, विम्याचे कागद, जन्मदाखला, ओळखपत्र अशी सोय केली (ओळखपत्र नसलं की विमा नाही, विमा नसला की औषध नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच), आणि नवीन केसेस झपाट्याने खाली आल्या. ओपाना गोळी २०१७ मध्ये औषध प्रशासनाच्या सांगण्यावरून बाजारातून गेली.

आणि २०२१ मध्ये काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरांनी मत देऊन तो सुयांचा कार्यक्रम बंद करायचं ठरवलं. तीनपैकी दोघांचं मत पडलं की यामुळे व्यसनाला उत्तेजन मिळतं, म्हणजे तुमचाच प्रश्न. आरोग्य खात्याचे लोक सांगत होते, बरे झालेले लोक स्वतः मीटिंगला येऊन सांगत होते, तरी. सुई दिली म्हणून कोणी नशा सुरू केली नव्हती, पण सुई दिली म्हणून तो माणूस आठवड्यातून एकदा नर्ससमोर तरी येत होता, आणि "मला सोडायचंय" हे वाक्य बोलायला त्याच्याकडे कोणीतरी होतं. सवय माणसाची असेल काका, पण ती सवय सुटायची वेळ येते तेव्हा दार उघडं असणं ही त्याच्या एकट्याच्या हातातली गोष्ट नाही.

प्रश्न : माझा मुलगा एमडी करून तिकडे रेसिडेन्सी करतोय, जे-वन व्हिसावर. तो म्हणतो पुढची तीन वर्षं खेड्यात काढावी लागतील. हे आपल्या बाँडसारखंच आहे का?

बऱ्यापैकी. जे-वनवाल्या डॉक्टरला शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परत जावं लागतं. ती अट माफ करून घ्यायचा एक रस्ता म्हणजे कॉनरॅड-३०, नॉर्थ डाकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये झालेला. आता प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातल्या पेशंटसाठी तीन वर्षं पूर्णवेळ काम. मोठ्या राज्यांत जागा लवकर संपतात, म्हणून त्याला म्हणावं अर्ज वेळेत आणि करार नीट वाचून. कॉल (म्हणजे बोलावलं की हजर व्हायची ड्यूटी) किती रात्री, सुट्टीत बदली डॉक्टर कोण, करार मोडला तर काय, हे तोंडी आश्वासनावर ठेवायचं नाही, कारण व्हिसा त्या नोकरीला बांधलेला असतो आणि हे मालकालाही माहीत असतं. अशा एका ठिकाणी "अधूनमधून कॉल" म्हणून घेतलं आणि दर एकाआड एक रात्र लावली, अशी तक्रार एका वाचकाने केलीय, त्यात नवल वाटलं नाही.

काउंटीच्या बाजूने बघितलं तर तीन वर्षांनी डॉक्टर जातो, लोक परत अनोळखी माणसाला पहिल्यापासून सगळं सांगतात. काही जण राहतातही. ज्यांच्या बायकोला तिथे काम मिळालं आणि मुलांना शाळा आवडली ते राहतात. पगाराने कोणी थांबत नाही.

प्रश्न : टेलिमेडिसिन आलंय की आता. व्हिडिओवर तज्ज्ञ मिळाला तर खेड्यात डॉक्टर हवाच कशाला?

हवा. व्हिडिओवर पोट दाबून बघता येत नाही, आणि कित्येक काउंट्यांमध्ये व्हिडिओ चालेल एवढं इंटरनेटही घरोघरी नाही.

पण एक उपयोग मात्र जबरदस्त आहे, पेशंट आणि तज्ज्ञ यांच्याऐवजी गावातला डॉक्टर आणि तज्ज्ञ यांना जोडणं. न्यू मेक्सिको विद्यापीठातले डॉ. संजीव अरोरा, लिव्हरचे तज्ज्ञ. हिपॅटायटिस सीच्या पेशंटना त्यांच्या क्लिनिकला यायला महिनोन्महिने थांबावं लागायचं आणि शेकडो मैल यावं लागायचं. त्यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट इको काढला, दर आठवड्याला गावोगावचे डॉक्टर, नर्स, अगदी तुरुंगातले डॉक्टरसुद्धा व्हिडिओवर बसणार, आपापल्या केस मांडणार, तज्ज्ञ शिकवणार, आणि औषध गावातलाच डॉक्टर देणार. २०११ मध्ये निकाल छापून आले तेव्हा विद्यापीठाच्या क्लिनिकात आणि खेड्यात बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, ५८ टक्क्यांच्या आसपास. पॅरालिसिसचा झटका आला की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तिथेही गावातल्या इमर्जन्सीत सीटी स्कॅन काढायचा आणि लांबच्या न्यूरॉलॉजिस्टने स्क्रीनवर बघून सांगायचं, द्या म्हणून, ही पद्धत चांगली चालते. पण बघा, सीटी मशीन गावात लागतंच आणि सुई टोचणारा हातही.

प्रश्न : मेडिकेडवर सध्या एवढा गदारोळ चाललाय तो काय आहे?

थोडक्यात सांगते. २०१० च्या ओबामांच्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या सगळ्याच प्रौढांना मेडिकेड द्यायची सोय झाली, २०१४ पासून, पण कोर्टाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं. ४० राज्यांनी घेतलं, टेक्सास, फ्लोरिडासारख्या १० राज्यांनी अजून नाही. बंद पडलेल्या हॉस्पिटलांचा नकाशा काढला तर न घेणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांत गर्दी दिसते. आता जुलै २०२५ च्या कायद्याने या प्रौढांना महिन्याला ८० तास काम किंवा शिक्षण वगैरे केल्याचं दाखवावं लागेल, मेडिकेड वाढवलेल्या राज्यांना हे साधारण २०२७ च्या सुरुवातीपर्यंत लागू करायचंय. त्याच कायद्यात ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत ५० अब्ज डॉलरचा फंडही आहे. एका हाताने विमा कमी करायचा आणि दुसऱ्या हाताने फंड द्यायचा, यात फंड पाच वर्षांनी संपतो, हे लक्षात ठेवा. शेतावर हंगामी काम करणाऱ्याने आपलं काम दाखवायचं कसं आणि कुठल्या वेबसाइटवर, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काम करणारी माणसंही कागदावर नापास होतात.

प्रश्न : आम्ही दोघं पासष्टीच्या पुढचे, सहा महिने मुलाकडे जातोय, नेब्रास्कात, खेडेगावात. मला शुगर, यांना बीपी. काय काय तयारी करावी?

मेडिकेअर तुम्हाला मिळणार नाही, पाहुण्यांना नसतं. व्हिजिटर इन्शुरन्स घेताना स्वस्त म्हणून "फिक्स्ड बेनिफिट" वाला घेऊ नका, तो प्रत्येक गोष्टीला ठरलेली छोटी रक्कम देतो आणि बाकीचं बिल तुमच्या मुलाच्या डोक्यावर. आधीपासूनच्या आजाराबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते मुलाला फोनवर वाचून दाखवायला सांगा, आणि हवाई अॅम्ब्युलन्सचा खर्च किती धरलाय तेही. खेड्यातून मोठ्या हॉस्पिटलला गंभीर पेशंटला बऱ्याचदा हेलिकॉप्टरने हलवतात आणि ते बिल दहा-दहा हजार डॉलरच्या पटीत जातं. २०२२ पासून अनपेक्षित बिलांविरुद्धचा कायदा आहे आणि त्यात हवाई अॅम्ब्युलन्स येते, पण तो नेहमीचा आरोग्य विमा असणाऱ्यांसाठी, व्हिजिटर पॉलिसीला त्याचा आधार धरू नका. आणि साधी रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स त्या कायद्यात कोणासाठीच नाही, हे अमेरिकनांनाही बिल आल्यावर कळतं.

साध्या कुरबुरींसाठी इमर्जन्सीला धावू नका. मुलाला आत्ताच शोधून ठेवायला सांगा, जवळपास कम्युनिटी हेल्थ सेंटर कुठे आहे, केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी ही सेंटरं आहेत आणि उत्पन्नाप्रमाणे फी कमी करतात. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर मात्र ९११, मुलगा कामावरून यायची वाट बघायची नाही. गावात अॅम्ब्युलन्सवर पुष्कळदा स्वयंसेवक असतात, ते घरून निघून गाडी घेऊन येतात, त्यामुळे फोन जितका लवकर तितकं बरं, आणि घराचा पत्ता मोठ्या अक्षरात फोनजवळ चिकटवून ठेवा कारण घाईत रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर आठवत नाही.

औषधं पूर्ण मुक्कामाची न्या, डॉक्टरच्या सहीच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. इन्सुलिन असेल तर हँडबॅगेत, चेक-इन सामानात गोठू शकतं. आणि गोळ्या पाकिटातून काढून एका डबीत एकत्र करायची यांची सवय असेल तर ती सहा महिने बंद.